ली खपत नाही

मध्यंतरी एका संध्याकाळी फर्ग्युसन रोडला टीशर्ट बघत होते. तिथल्या फुटपाथवर आता निम्मे हँगर अ‍ॅनिमेचेच असतात, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचे, काळा टीशर्ट आणि पाठीवर भलंमोठं प्रिंट, इताची, काकाशी, सासुके, गोजो, लुफी, सगळे एकमेकांवर लटकलेले, नव्या कापडाचा आणि प्रिंटच्या शाईचा तो एक उग्र वास, त्यात शेजारी कुणीतरी कणसं भाजत होतं. मी स्टॉलवरच्या पोराला विचारलं, रॉक ली आहे का. त्याला कळेना. मग हातवारे करून सांगितलं, अरे तो हिरव्या कपड्यातला, जाड भुवया, वाटीकट. "अच्छा, तो होय," म्हणाला, "नाही ताई, तो खपत नाही. इताची घ्या ना, इताची सगळे घेतात."

मी काहीच न घेता निघाले. पण घरी येईपर्यंत, रिक्षात, जिन्यात, हात धुताना, तेच डोक्यात. तो खपत नाही. बरं त्या पोराचं काही चुकलं नाही, त्याचा धंदा आहे, जे उठतं ते तो ठेवणार. पण मला वाटत राहिलं की ली खपणार नाही हे त्या फुटपाथवर नाही ठरलं, ते खूप आधी खुद्द त्याच्याच, म्हणजे नारुतो या निन्जांच्या मालिकेच्या, गोष्टीनेच ठरवून टाकलं होतं.

आमच्या हॉस्टेलवर नारुतो आलं ते हार्ड डिस्कवरून. कुणाच्या तरी भावाकडची डिस्क, पहिल्या मालिकेचे २२० भाग एका फोल्डरमध्ये कोंबलेले, काहींना सबटायटल आहेत काहींना नाहीत, काहींचं नावच चुकीचं. रूममेटचा लॅपटॉप इतका तापायचा की मेसमधून ढापलेलं स्टीलचं ताट उपडं घालून त्यावर तो ठेवायचो. लाइट बंद, एक इअरफोन तिच्या कानात आणि एक माझ्या, आणि वायर आखूड असल्यामुळे दोघींनी एकदम हसलं की एकीच्या कानातून तो निघायचाच. नेमका महत्त्वाचा डायलॉग तेव्हाच असायचा.

चुनिन परीक्षेची, म्हणजे निन्जांच्या बढतीच्या परीक्षेची, प्राथमिक फेरी येईपर्यंत ली म्हणजे आमच्यासाठी कॉमेडी होता. त्याला निन्जुत्सू (निन्जांची जादू) येत नाही, गेन्जुत्सू (भ्रम पाडण्याची विद्या) येत नाही, येतं ते फक्त हातपाय चालवणं, आणि तो हे सगळ्यांना छाती पुढे काढून सांगत फिरतो. मग त्याच्यासमोर गारा येतो, वाळू हुकमात असलेला. लीचा एकही ठोसा लागत नाही, दरवेळी वाळू मध्ये येते, गारा तर हाताची घडीसुद्धा सोडत नाही. वर कठड्यावरून लीचा गुरू गाय-सेन्सेई (हो, या नावावर हॉस्टेलमध्ये जे विनोद होऊ शकतात ते सगळे झाले) अंगठा दाखवून म्हणतो, काढ. ली त्या हॉलमधल्या दगडी हातांच्या टोकावर जाऊन बसतो, पायातले ते हास्यास्पद केशरी मोजे खाली करतो, आतली वजनं काढतो आणि खाली सोडून देतो. आपल्याला वाटतं टप्प असा आवाज येईल. जमीन फुटते आणि धुळीचे लोट उठतात. आणि मग तो दिसतच नाही. गाराच्या मागे, गाराच्या बाजूला, वाळू एक क्षण उशिरा पोचते, दर वेळी एकच क्षण, आणि गाराच्या गालाला तडा जातो.

पुढचं सगळ्यांना माहितीये. ली अंगातली ताकद अडवून धरणारी आठ दारं एकामागून एक उघडत पाचव्यापर्यंत जातो, स्वतःच्या अंगाची चाळण करून घेतो, आणि शेवटी जमिनीवर पडलेला गारा नुसता हात पुढे करतो आणि वाळू लीचा डावा हात आणि डावा पाय चिरडते. गाय मध्ये पडतो. मॅच संपली असं सगळ्यांना वाटत असताना मागे ली उभा राहतो, तसाच, पवित्रा घेऊन. गाय त्याला थांबवायला जातो आणि मग लक्षात येतं की पोराला शुद्धच नाहीये, बेशुद्धीतच उभा राहिलाय. रूममेटने पॉज केलं. ताटाखालून गरम हवा येत होती आणि आम्ही दोघी त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसलो.

मला ते इतकं का लागलं हे तेव्हाही माहीत होतं. शाळेत आमच्या बाई प्रगतिपुस्तकावर काही मुलांना हुशार लिहायच्या आणि काहींना मेहनती. मी कायम मेहनती. हे ज्यांच्या पुस्तकावर असायचं त्यांना बरोबर कळायचं की बाई काय म्हणतायत, घरी आईबाबा खूश व्हायचे आणि आपण गप्प. तर ज्या गोष्टीत एक वाटीकट पोरगा म्हणतो की मला बाकी काही येत नाही, मी नुसत्या मेहनतीवर निन्जा होऊन दाखवेन, आणि ती गोष्ट त्याला हसत नाही, उलट अख्ख्या मालिकेतली सगळ्यात भारी फाइट त्याला देते, ती गोष्ट माझी झाली. एकदम माझी.

मग त्सुनादे ही वैद्य येते, ऑपरेशन आहे पण जगण्यावाचण्याची खात्री अर्धीमुर्धी असं सांगते, ली रडतो, गाय त्याच्यासोबत रडतो, ऑपरेशन होतं, आणि पठ्ठ्या पुरता बरा व्हायच्या आत किमिमारो या शत्रूशी लढायला पोचतो, तेही औषधाऐवजी दारूची बाटली घेऊन. मस्त. आणि त्यानंतर?

त्यानंतर काही नाही. शिप्पुदेन ही पुढची मालिका सुरू होते, अडीच वर्षं गेलेली असतात, लीची उंची वाढलेली असते, चुनिनचं जॅकेट आलेलं असतं, आणि बस. पाचशे भाग आहेत शिप्पुदेनचे, २००७ ते २०१७, आणि त्यात लीला स्वतःची म्हणावी अशी त्या तोडीची एकही लढाई नाही. तो असतो. मागे उभा असतो, सगळ्यांसोबत "हो!" म्हणतो, कधी तरी एक लाथ मारतो. फिलरमध्ये त्याला काम मिळतं, म्हणजे जिथे काहीही झालं तरी मूळ गोष्टीला फरक पडत नाही तिथे. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये, पहिल्या मालिकेत १३५ व्या भागानंतर जवळपास सगळं फिलरच आहे, कारण अ‍ॅनिमे मंगाच्या, म्हणजे मूळ चित्रकथेच्या, मानगुटीवर येऊन बसलं होतं आणि स्टुडिओ पिएरोला दर आठवड्याला टीव्हीवर काहीतरी तर दाखवायचं होतं. हॉस्टेलवर आम्ही ते फोल्डरमधून सरळ उडवायचो, जागाही व्हायची.

पण ली नुसता विसरला गेला असता तर मी इतकी वैतागले नसते. इतकी पात्रं म्हटल्यावर कुणीतरी मागे पडणारच, लीच्याच टीममधल्या तेनतेनला तर पहिल्या दिवसापासून काही मिळालं नाही. खरी मेख नेजीमध्ये आहे.

नेजी ह्युगा, लीचाच टीममधला सोबती. ह्युगा घराण्याची दोन अंगं, मुख्य आणि दुय्यम. दुय्यम अंगात जन्मलात की कपाळावर शिक्का, आणि मुख्य घराण्यातल्या माणसाने मनात आणलं तर त्या शिक्क्यातून तुमच्या मेंदूला यातना देणार, मारूही शकणार. शिक्का जातो तो मेल्यावरच. नेजीचा बाप आणि मुख्य घराण्यातल्या हिनाताचा बाप जुळे भाऊ, काही मिनिटांच्या फरकाने एक मालक आणि एक नोकर, आणि वेळ आली तेव्हा थोरल्याच्या जागी धाकट्याचं प्रेत पाठवलं गेलं. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, जन्मावरून कुणाचं पान कुठे मांडायचं हे ठरवण्यात आपला हात कुणी धरणार नाही. तर नेजी म्हणतो, माणूस बदलत नाही, जन्माला येतानाच सगळं ठरलेलं असतं. आणि म्हणणारा स्वतः सगळ्यात हुशार मुलगा आहे, हे त्यातलं दुखणं.

आणि नारुतो, मालिकेचा नायक, जो अकादमीच्या परीक्षेत तीनदा नापास झालाय कारण दरवेळी परीक्षेला नेमकी तीच क्लोनची विद्या यायची जी त्याला जमत नव्हती, तो जमिनीतून वर येऊन नेजीच्या हनुवटीवर ठोसा हाणतो. आणि सांगतो की मी होकागे, म्हणजे गावाचा प्रमुख, होईन आणि तुमचं ह्युगांचं हे जे काय चाललंय ते बदलेन. हे वाक्य मी विसरले नाही. गोष्ट विसरली.

आता कथेतल्या भोकांबद्दल म्हणाल तर मी तशी फार कडक नाही. तिसरा होकागे स्वतःचा जीव देऊन, आत्मा कायमचा मृत्युदेवाच्या पोटात कोंडून ओरोचिमारू या खलनायकाचे हात निकामी करतो, आम्ही त्या पावसातल्या अंत्ययात्रेला हमसून रडलो, आणि पुढे युद्धात ओरोचिमारू एक मुखवटा लावतो, पोट फाडतो आणि चारही होकागे हजर. कायमचं म्हणजे मुखवटा सापडेपर्यंत. एका गाराला जिवंत करायला चियो आजीला आपला जीव द्यावा लागतो आणि नागातो, म्हणजेच पेन, एका जिवाच्या बदल्यात अख्ख्या गावातली माणसं परत आणतो, काकाशीसकट, मग पेनने गाव उद्ध्वस्त केल्याचं जे काळीज पिळवटणारं दुःख आपण दोन-चार भाग केलं त्याचं काय करायचं. ओबितो हा दुसरा खलनायक नाइन-टेल्स या नऊ शेपट्यांच्या राक्षसाच्या हल्ल्याच्या रात्री जेमतेम चौदा वर्षांचा असायला हवा आणि दिसतो चांगला बाप्या. हिनाता पेनसमोर उभी राहून नारुतोला प्रेमाची कबुली देते, मरता मरता वाचते, आणि त्यानंतर शेकडो प्रकरणं कुणी त्याचा उल्लेखही करत नाही, थेट २०१४ च्या सिनेमात काय तो निकाल लागतो. नारुतोच्या टीममधल्या साकुराबद्दल तर बोलायलाच नको, तिला दर काही महिन्यांनी "आता मी मागे राहणार नाही" असं म्हणायला लावायचं आणि पुढच्याच पानावर मागे ठेवायचं.

यातलं बरंचसं मी समजून घेऊ शकते. लेखक किशिमोतोने हे १९९९ ते २०१४ दर आठवड्याला काढलंय, साधारण एकोणीस पानं, ७०० प्रकरणं, वर त्या साप्ताहिकात वाचकांचे कौल येतात, कोण आवडलं, काय आवडलं, आणि खाली घसरलात तर मालिका बंद. असं काम करणाऱ्या माणसाला शेवट आधी माहीत असतो असं समजणारे लोक बहुतेक कधी डेडलाइनवर काम केलेले नसतात. ड्रॅगन बॉल या मालिकेचा किस्सा प्रसिद्धच आहे, तिच्या लेखकाने, तोरियामांनी, १९ आणि २० नंबरचे अँड्रॉइड आणले तर जुन्या संपादकाने नाक मुरडलं की हा काय म्हातारा आणि जाड्या, म्हणून १७ आणि १८ आले, तेही त्याला पटेनात म्हणून सेल आला, आणि आज लोक तीच सागा डोक्यावर घेऊन नाचतात. रोजच्या मालिकेत टीआरपी बघून सासूचा स्वभाव रातोरात पालटतो तसंच हे, फक्त चित्रं देखणी. त्यामुळे मुखवटा, चियो आजी, ओबितोची उंची, हे सगळं मी चहा पितापिता सोडून देते.

शब्द दिलेला मात्र सोडवत नाही.

म्हणजे बघा, आधी कळलं नारुतो चौथ्या होकागेचा मुलगा आहे. ठीक आहे, चेहऱ्यावरून अंदाज होताच, आणि मिनातो येतो तो भाग इतका सुंदर आहे की तक्रार करायची इच्छा होत नाही. मग आई उझुमाकी घराण्यातली, त्या घराण्याचा चक्रा, म्हणजे अंगातली शक्तीच, दांडगा. मग बेडकांच्या डोंगरावरची भविष्यवाणी, त्यातला मुलगा हाच. आणि हे सगळं पुरलं नाही म्हणून ऐन युद्धात हागोरोमो हा निन्जांचा आदिपुरुष येऊन सांगतो की तू माझ्या धाकट्या मुलाचा, आशुराचा, पुनर्जन्म आहेस आणि तुझा मित्र-वैरी सासुके थोरल्या इंद्राचा. इंद्र आणि असुर जपानी अ‍ॅनिमेत भाऊ म्हणून भेटल्यावर आपल्याला जरा गंमत वाटते खरी. पण गंमत ओसरल्यावर मी परत तो भाग पाहिला, कारण मला वाटलं माझं काहीतरी ऐकायचं राहिलंय. इंद्र जन्मजात हुशार. आशुरा लहानपणी अगदी ढ, त्याने मेहनतीने आणि मित्रांच्या साथीने सगळं मिळवलं. म्हणजे लेखकाला अडचण दिसत होती! त्याला कळत होतं की आपण नापास पोराला राजपुत्र करून ठेवलंय, म्हणून त्याने असा राजपुत्र शोधला जो स्वतः मेहनती होता. आणि मग झालं काय, तर मेहनतसुद्धा वारशाने आली. नारुतो ढ होता तेही आशुरा ढ होता म्हणून, आणि हार मानत नाही तेही आशुरा हार मानत नव्हता म्हणून. लीची जी एकुलती एक गोष्ट होती, जी कुणाच्या बापाकडून येत नाही असं आम्हाला सांगितलं होतं, तिचीही वंशावळ निघाली.

चुनिन परीक्षेतल्या नेजीला हे कुणी दाखवलं असतं तर तो काही बोललाच नसता, नुसती भुवई वर केली असती.

आणि नेजी तर तोवर मेलेला होता. तो भाग लागला तेव्हा मी पहिल्या नोकरीत होते, रूमवर एकटी, रूममेट बंगलोरला, आणि आता इअरफोन दोन्ही माझेच. युद्धात टेन-टेल्स हा दहा शेपट्यांचा राक्षस लाकडी सुळे सोडतो, हिनाता नारुतोसमोर येते, आणि हिनातासमोर नेजी. पाठीत ते सुळे घुसलेले, नारुतोच्या खांद्यावर मान, तोंडातून रक्त. कुणीतरी मेडिकवाल्यांना बोलवा म्हणून नारुतो ओरडतो. नेजी त्याला म्हणतो ते चांगलं आहे, बाप का मेला, आपल्या इच्छेने मरण निवडणं म्हणजे काय ते आता समजलं वगैरे, संगीतही नेमकं. आणि मग कपाळावरचा शिक्का हळूहळू पुसला जातो. मला रडू आलं, येणारच, हे लोक त्यात पटाईत आहेत. पण रडता रडता डोकं तापत होतं. अरे याला सोडवणार होतास ना तू? दुय्यम घराण्यातला मुलगा मुख्य घराण्यातल्या मुलीसाठी मरतो, अगदी बापासारखा, बापाच्याच रांगेत, आणि ते आम्ही मुक्ती म्हणून बघायचं? इच्छेने केलं हे मान्य. पण ज्याच्यासाठी इच्छेने मरायचं तो बदलेल असं कधी होणार? वर मंगाचं ७०० वं प्रकरण येतं, नारुतो होकागे झालेला असतो, त्याच हिनाताशी संसार असतो, हिनाता लेकीला घेऊन नेजीच्या थडग्यावर जाते, आणि त्या शिक्क्याबद्दल एक अक्षर नाही.

रूममेटला फोन केला होता तेव्हा. ती म्हणाली, "अगं शोनेन आहे ते, म्हणजे बारा वर्षांच्या पोरांसाठी, तू काय पीएचडी करतेस का?" आता ती इताचीवाली. इताचीचं तर विचारूच नका, अख्खं खानदान कापलेला माणूस उलटा फिरवून संत केला, आणि धाकट्या भावाला, सासुकेला, सलग ती कत्तल दाखवत छळलं होतं ते प्रेमापोटी. पण मी मान्य करते की ते उलटं फिरवणं निदान कुणीतरी मन लावून केलंय, तिथे लेखक हजर आहे, काही ना काही हिशोब जुळवतोय. नेजीच्या वेळेला तो हजर नव्हता असं मला वाटतं, आणि लीच्या वेळेला तर त्याने खोलीच बदलली होती.

एकदा मात्र परत आला. मदारा या युद्धातल्या बलाढ्य शत्रूसमोर गाय आठवं दार उघडतो. आठवं उघडलं की माणूस मरतो, हा नियम आम्हाला त्या गाराच्या फाइटपासून पाठ. ना घराणं, ना डोळे, ना पुनर्जन्म, एक तिशीतला जिम टीचर लाल वाफ होऊन देवाच्या बरोबरीच्या माणसावर धावून जातो, हवा वाकते, आणि मदारा, ज्याने तोवर सगळ्यांना मुंग्यांसारखं उडवलं होतं, तो अर्धा उडतो आणि हसत कबूल करतो की तायजुत्सूत, म्हणजे हातपायांच्या लढाईत, तुझ्यासारखा कुणी नाही. ली बाजूला उभा राहून रडत बघतोय. मी गादीवर उभी राहून बघत होते. आणि मग नारुतो येतो, नव्या शक्तीने गायच्या छातीला हात लावतो, आणि गाय जगतो. नियम गेला खड्ड्यात. यावर काय वाटायला हवं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तर्काच्या बाजूने बघाल तर हा त्या मुखवट्याइतकाच मोठा घोळ आहे, आणि आशुराच्या वारसाने मेहनतवाल्यावर केलेले उपकार म्हणून बघाल तर त्याहून वाईट. पण तो मेला असता तर मी ती मालिका तिथेच सोडली असती, हेही तितकंच खरं. शेवटी तो व्हीलचेअरवर दिसतो, दात तसेच चमकतायत, अंगठा वर, आणि मला बरं वाटतं, राग येतो आणि बरं वाटतं.

बोरुतो, म्हणजे पुढच्या पिढीची मालिका, मी नेटाने पाहिलं नाही, तुकड्या-तुकड्यात पाहिलं, ते मुख्यतः लीचा मुलगा आहे म्हणून. मेटल ली. तेच हिरवे कपडे, त्याच भुवया, बापाइतकाच सराव. पण कुणी बघायला लागलं की हा घाबरतो आणि सगळं चुकतं, एकटा असला की जमतं. परीक्षेच्या हॉलमध्ये पाठ केलेलं विसरणाऱ्या प्रत्येकाला हा पोरगा ओळखीचा वाटेल, आणि ही कल्पना इतकी चांगली आहे की कुणीतरी तिचं नीट सोनं करायला हवं होतं. केलं नाही अर्थात, दोन-तीन भाग दिले आणि पुन्हा मागच्या रांगेत. बाकीच्या सगळ्या पोरांची आई कोण, बाप कोण, कुणाकडून कुठला डोळा आला, कुणाची सावली कुणाकडून आली, याचा चोख हिशोब ठेवणाऱ्या या मंडळींनी मेटल लीची आई कोण हे मात्र कधी सांगितलेलं नाही. साधं नावसुद्धा नाही. लीचं लग्न झालं, कुणाशी झालं, कोण ती धन्य बाई जिने त्या हिरव्या सूटला हो म्हटलं, तेवढं तरी सांगा रे.